एफएसएक्सवरून नव्या सिमवर जाताना काय न्यायचं, काय ठेवायचं

एफएसएक्स म्हणजे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्स, कॉम्प्युटरवर विमान उडवायचं सिम्युलेटर, थोडक्यात सिम. ते ऑक्टोबर २००६ मध्ये आलं. ते बनवणारा मायक्रोसॉफ्टचा एसेस स्टुडिओ २००९ च्या जानेवारीत बंद झाला, डिसेंबर २०१४ मध्ये डवटेल गेम्सनं त्याची स्टीम आवृत्ती काढली, आणि आजही ते कित्येकांच्या मशीनवर रोज सुरू होतं. याला कारण आहे. दोन डीव्हीडी, पंधरा जीबीच्या आसपास जागा, एकदा बसवलं की विषय संपला. इंटरनेटची लाईन असो-नसो, विमान उडतंच. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० किंवा २०२४ तसं नाही. त्यांच्या जगाचा डेटा दोन पेटाबाइटच्या वर आहे. तो तुमच्या डिस्कवर मावणार नाही, म्हणून उडताना लागेल तेवढाच लाईनवरून येत राहतो. अर्धं सिम घरात, अर्धं लाईनवर. बदल करताना घ्यायचे जवळपास सगळे निर्णय इथूनच सुटतात, आणि कोल्हापुरात बसून ते घ्यायचे तर ग्राफिक्स कार्डाइतकंच राउटरकडे आणि लाईटकडेही बघावं लागतं.

२०२० की २०२४

नवीन आहे म्हणून थेट २०२४ घेऊ नका. २०२० साठी शिफारस १६ जीबी रॅम, ४ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) आणि २० एमबीपीएस लाईनची आहे. २०२४ साठी तीच शिफारस ३२ जीबी, ८ जीबी आणि ५० एमबीपीएसवर जाते. डिस्कवर मात्र उलटा प्रकार आहे: २०२० ला सुरुवातीलाच १५० जीबी लागतात, २०२४ ला ५०. कारण २०२४ मध्ये विमानांचा आणि विमानतळांचाही बराच भाग लागेल तसा खाली येतो. डिस्क वाचते, पण लाईनवरचा भार वाढतो. १९ नोव्हेंबर २०२४ ला ते बाजारात आलं, त्या दिवशी सर्व्हर इतके तुंबले की लोक तासन्‌तास लोडिंगच्या पडद्यावर अडकले. पुढे ते सुधारलं, तरी रचना तीच आहे.

माझं मत सरळ आहे. लाईन ४०-५० एमबीपीएसची आणि संध्याकाळी डुगडुगणारी असेल, मशीनमध्ये १६ जीबी रॅम असेल, तर २०२० घ्या. ते लाईन तुटली तरी ऑफलाइन चालतं, जमीन तेवढी साधी दिसते. ३२ जीबी रॅम, ८ जीबीच्या वरचं कार्ड आणि खात्रीची फायबर लाईन असेल तर २०२४. लाईनचाच भरवसा नसेल तर दोन्ही सोडा आणि एक्स-प्लेन १२ बघा. त्याचं सिनरी, म्हणजे जमीन आणि इमारती, एकदा उतरवलं की डिस्कवर राहतं. जमीन खऱ्या फोटोची नसते, पण उडण्याचा अनुभव अव्वल आहे.

विकत घेण्याआधी पीसी गेम पासचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या खेळांच्या वर्गणीचा, एक महिना काढा. स्टीमवर घेऊन नाही पटलं तर परत करू, हा हिशोब इथे फसतो. स्टीम २०२० चा छोटा भागच उतरवतं, बाकीचं सिम स्वतः उघडून आतून खेचतं, आणि तो सगळा वेळ खेळण्याचा धरला जातो. परतीची मर्यादा दोन तासांची. धावपट्टी दिसायच्या आत ती संपलेली असते.

मशीन: जुना हिशोब विसरा

एफएसएक्स ३२ बिटी. विंडोज ६४ बिटी असलं तरी त्याला ४ जीबीपेक्षा जास्त मेमरीचा पत्ता सापडत नाही, मग मशीनमध्ये ३२ जीबी असोत. जड विमान, जड विमानतळ आणि लांबचं उड्डाण एकत्र आलं की शेवटच्या अप्रोचला, उतरायला येताना, एफएसयूआयपीसीची (बाहेरचे प्रोग्राम आणि उपकरणं सिमला जोडणारा प्रोग्राम) घंटी वाजायला लागते आणि उतरायच्या आत सिम बंद पडतं. शिवाय बहुतेक काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर. त्यामुळे एफएसएक्सवाल्याला सवय लागते ती घड्याळाचा वेग बघून प्रोसेसर घ्यायची आणि कार्डाकडे दुर्लक्ष करायची. नव्या सिमला त्या सवयीनं मशीन घेतलं तर पैसे चुकीच्या जागी जातात.

पैसे घालायचे ते असे. आधी कार्ड, आणि कार्डात आधी व्हीरॅम. ४ जीबीच्या जीटीएक्स १६५० वर २०२० चालतं, पण टेक्श्चर मीडियमच्या वर नेलं की अडखळतं. नवीन घेत असाल तर ८ जीबीच्या खाली जाऊ नका. आरएक्स ६६०० किंवा १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० जुन्या बाजारातही पुरे. मग रॅम. दुकानदार बऱ्याचदा १६ जीबीची एकच कांडी बसवून देतात. ८-८ च्या दोन मागा. एका कांडीवर मेमरी एकाच चॅनलवर चालते आणि प्रोसेसरवर चालणारा सिमचा मुख्य थ्रेड उपाशी राहतो. बसवल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग, चालू केलंय का तेही बघा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगत राहते आणि दोष सिमला जातो.

डिस्क एसएसडीच हवी. एफएसएक्स हार्डडिस्कवर चालायचं, हे तिथे रखडतं. २०२० साठी ५०० जीबीची वेगळी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) ठेवा. दोन-चार ॲड-ऑन, म्हणजे वरून टाकलेली विमानं आणि विमानतळं, आले की १५० चे २५० जीबी कधी होतात कळत नाही. आणि अजून विंडोज ७ वर असाल तर आधी १० किंवा ११ वर या. नवी सिम ७ वर बसत नाहीत, आणि स्टीमनंही १ जानेवारी २०२४ पासून ७ ला रामराम केला.

एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) नावाजलेल्या कंपनीचा घ्या, आणि यूपीएसचा हिशोब कार्डासकट करा. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत झेपतो. मशीन, मॉनिटर आणि राउटर त्यावर टाकून सिम भरात असताना लाईट गेली तर तो बीप करून सोडून देईल. हजार व्हीएचा घ्या. राउटर आणि फायबरची डबी त्याच यूपीएसवर जोडा, किंवा त्यांना वेगळा छोटा बॅकअप द्या. मशीन चालू आणि राउटर बंद अशी वेळ आली की २०२० उडत राहतं, पण खालची जमीन हळूहळू मातीच्या रंगाच्या गोळ्यासारखी दिसायला लागते. लोकांना वाटतं कार्ड गेलं. कार्डाला काही झालेलं नसतं.

डाउनलोड

१५० जीबी, ४० एमबीपीएसच्या लाईनवर. सेकंदाला पाच मेगाबाइट धरले तर आठ तास वीस मिनिटं, तेही सर्व्हरनं पूर्ण वेग दिला तर. १०० एमबीपीएसला तीन तास वीस मिनिटं. रात्री लावा. तुमच्या भागात ज्या वारी देखभालीसाठी लाईट जाते, तो वार टाळा. रोज २ जीबीच्या मोबाइल डेटावर हे होणार नाही, हॉटस्पॉटचा विचार डोक्यातून काढा.

बसवताना जागा विचारली जाते, तिथे मुळाशीच छोट्या नावाचा फोल्डर द्या, डी ड्राइव्हवर नुसतं ‘एमएसएफएस’ पुरे. आपोआप सुचवलेला पत्ता युजर फोल्डरच्या पोटात खूप खोल असतो. त्यात पुढे एखाद्या ॲड-ऑनच्या फाइलींची लांबलचक नावं आली की विंडोजची २६० अक्षरांची मर्यादा ओलांडते आणि फाइल कॉपीच होत नाही. काही नीट दिसलं नाही तर शोधत बसावं लागतं. नंतर हा पत्ता कुठे दिला होता ते विसरलात तर ‘युजरसीएफजी डॉट ऑप्ट’ ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा. शेवटच्या ओळीत तो लिहिलेला असतो.

मधेच एका फाइलवर टक्केवारी थांबली आणि हलेना, हे २०२० मध्ये बऱ्याच जणांना होतं. मोडेम बंद-चालू करत बसू नका. सिम पूर्ण बंद करा, पॅकेजच्या फोल्डरमध्ये जी फाइल अर्धवट आहे, म्हणजे जिची तारीख-वेळ सगळ्यात ताजी आहे, ती उडवा आणि परत सुरू करा. बाकीचं उतरलेलं तसंच राहतं, तेवढीच फाइल नव्यानं येते. अँटीव्हायरसमधून सिमचा फोल्डर वगळा. उलगडताना प्रत्येक फाइल तपासली गेली तर वेळ दुप्पट जातो.

जुन्यातलं सोबत काय येतं

थोडंच येतं. विमानं येत नाहीत. एफएसएक्सच्या सिमऑब्जेक्ट्समधला फोल्डर उचलून नव्या सिममध्ये टाकणारे अजून भेटतात. जुन्या पॅनलमधली घड्याळं ‘गॉ’ फाइलींची असतात. नव्यात ती एकतर एचटीएमएल-जावास्क्रिप्टची किंवा वेबअसेंब्लीची लागतात. विमान कसंबसं पडद्यावर आलंच तर डॅशबोर्ड रिकामा किंवा मेलेला असतो. सिनरीही नाही. जुन्या बीजीएल फाइली जुन्या जमिनीवर बेतलेल्या. नव्या जमिनीची उंची वेगळी, त्यामुळे इमारती हवेत तरंगतात किंवा जमिनीत गाडल्या जातात. तुम्ही स्वतः बनवलेलं एखादं मॉडेल असेल, समजा शाहूपुरीतला एखादा वाडा, तर मॉडेलकन्व्हर्टरएक्स या प्रोग्राममधून ते जीएलटीएफ या नव्या स्वरूपात काढून नव्यात बसवता येतं. दुसऱ्याचं मॉडेल असं काढून वाटू नका, परवानगी नसते.

‘एफएसएक्स डॉट सीएफजी’मधले टोटके, हायमेमफिक्स, अफिनिटी मास्क, विंडोज व्हिस्टाची ती एक डीएलएल फाइल फोल्डरमध्ये टाकणं, हे सगळं तिथेच सोडा. त्या औषधांचे रोग नव्या सिममध्ये नाहीत.

उड्डाणाचे आराखडे मात्र येतात, थोड्या वळणानं. पीएलएन फाइल दोन्हीकडे एक्सएमएलच असते, पण जुनी फाइल थेट उघडली तर मधले काही बिंदू गळू शकतात. लिटल नॅव्हमॅप हा फुकट प्रोग्राम घ्या, त्यात जुनी फाइल उघडा आणि नव्या सिमच्या स्वरूपात सेव्ह करा. त्याआधी त्याला नव्या सिमचा सिनरी डेटाबेस वाचायला द्या, नाहीतर तो जुन्याच विमानतळांवर काम करत राहील.

एफएसयूआयपीसीची जुनी चौथी आवृत्ती नव्यात चालत नाही. सातवी लागते आणि तिचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. घरी आर्डुइनो मेगा या छोट्या सर्किट बोर्डावर स्विचेस जोडून पॅनल केलं असेल तर ते फेकायचं नाही. असे बोर्ड सिमला जोडणारा मोबिफ्लाइट हा प्रोग्राम दोन्हीकडे चालतो, फक्त कॉन्फिगरेशन नव्यानं करावं लागतं. एफएसएक्समध्ये बटण एफएसयूआयपीसीच्या ऑफसेटला, म्हणजे ठरावीक क्रमांकाच्या पत्त्याला, जोडलेलं असतं. नव्यात मोबिफ्लाइटचं स्वतःचं वेबअसेंब्ली मॉड्यूल आहे, त्यातून थेट सिमचे इव्हेंट निवडायचे. गिअर, फ्लॅप, दिवे आधी जोडा, ऑटोपायलट शेवटी, कारण तिथे विमानागणिक नावं बदलतात. आणि पॅनलच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन मिलिमीटरचा पत्रा किंवा ॲक्रिलिक ड्रॉइंगप्रमाणे कापून मिळतं. परगावचे सिमर त्यासाठी ऑनलाइन ऑर्डर करून आठवडाभर वाट बघत बसतात. ड्रॉइंग डीएक्सएफमध्ये द्या, मापं मिलिमीटरमध्ये, टॉगल स्विचचं भोक बहुतेक वेळा १२ मिलिमीटरचं. पण स्विच हातात घेऊन कॅलिपरनं मोजूनच आकडा लिहा.

जॉयस्टिक

की बऱ्याचशा त्याच आहेत. जी ला गिअर, एफ ६ आणि एफ ७ ला फ्लॅप, कंट्रोल-ई ला इंजिन आपोआप सुरू, बी ला अल्टिमीटर. त्यामुळे हात पटकन बसतो. अडचण येते माउसची. नव्या सिममध्ये कॉकपिटमधल्या नॉबवर माउस नेला की तो निळा होऊन धरला जातो, मग हलवायचा. एफएसएक्सवाल्याला हे चिडचिड वाटतं. ऑप्शन्समध्ये ॲक्सेसिबिलिटीत कॉकपिट इंटरॅक्शन ‘लेगसी’वर करा, नेहमीचं क्लिक आणि चाक परत मिळेल. असिस्टन्समध्ये ऑटो-रडर, ऑटो-मिक्स्चर बंद करा. फ्लाइट मॉडेल ‘मॉडर्न’वरच ठेवा.

जॉयस्टिकचं काम जरा निवांत करा. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो सगळ्यात जास्त दिसते, आणि तिची पिळायची अक्ष आधी म्हातारी होते. आत पोटेन्शिओमीटर आहे, धूळ बसली की आकडा स्थिर राहत नाही. एफएसएक्समध्ये नल झोन (मधला भाग, जिथे हलकी हालचाल धरली जात नाही; नव्यात त्याला डेड झोन म्हणतात) मोठा ठेवून आणि ऑटो-रडर लावून हे झाकलेलं असतं. नव्यात सेन्सिटिव्हिटीच्या पडद्यावर अक्षाची रेघ बघा, हात न लावता ती थरथरत असेल तर डेड झोन ३ ते ५ टक्के द्या. त्याच्या वर जाऊ नका, नाहीतर लँडिंगला रडर उशिरा उचलतं. एलिव्हेटर (नाक वर-खाली) आणि एलरॉनला (पंख कलवणारा) सेन्सिटिव्हिटी उणे ३० ते उणे ४० टक्क्यांवर आणा. मधल्या भागात स्टिक नरम होते आणि नव्या सिमचं ‘नाक वर-खाली डुचमळतं’ हे गाऱ्हाणं निम्मं तिथेच संपतं.

एकापेक्षा जास्त उपकरणं असतील, समजा वेगळा थ्रॉटल, तर प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये जाऊन थ्रॉटल अक्ष दोन ठिकाणी बांधलेला नाही ना ते बघा. सिम आपण होऊन प्रत्येक उपकरणाला डिफॉल्ट बांधणी देतं. दोन अक्ष एकाच वेळी सांगायला लागले की इंजिन आयडल आणि फुलच्या मधे उड्या मारतं. फ्लायबायवायर या गटाच्या ए३२० या ॲड-ऑन विमानामध्ये थरथरणारी स्टिक ऑटोपायलटही सोडवते.

सेटिंग: आधी बघा, मग हात लावा

एफएसएक्सच्या काळात स्लायडर अंदाजानं ओढायचे आणि देवाचं नाव घ्यायचं. नव्यात अंदाज लागत नाही. ऑप्शन्समध्ये डेव्हलपर मोड चालू करा आणि वरच्या मेनूतून एफपीएस दाखवा. कोपऱ्यात एक पेटी येते. त्यात मेनथ्रेडला (प्रोसेसरचं मुख्य काम) किती मिलिसेकंद, जीपीयूला (ग्राफिक्स कार्ड) किती मिलिसेकंद आणि एक ओळ: ‘लिमिटेड बाय’ अमुक. तीच ओळ सगळं सांगते. तीस फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद, हा आकडा डोक्यात ठेवा.

ओळीत मेनथ्रेड असेल तर कार्डाची सेटिंग कमी करून काडीचाही फरक पडणार नाही. टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमिनीचा तपशील किती दाखवायचा) २०० वरून १०० वर आणा, ट्रॅफिक बंद करा, ग्लास कॉकपिटचा (पडदे असलेल्या डॅशबोर्डचा) रिफ्रेश मीडियम करा. ओळीत जीपीयू असेल तर ढग हायवरून मीडियमवर आणा. एवढ्यानंच सगळ्यात मोठा फरक पडतो, विशेषतः पावसाळ्यात लाइव्ह वेदर चालू असताना. मग रेंडर स्केल, किंवा आरटीएक्स कार्ड असेल तर डीएलएसएस (कमी रिझोल्युशनचं चित्र काढून मोठं करणारी सोय). डीएलएसएसमध्ये ग्लास कॉकपिटचे आकडे किंचित पुसट होतात, जी१००० (पडद्याचा डॅशबोर्ड) वाल्या विमानात ते खुपतं.

दोन्ही आकडे ३३ च्या आत आहेत आणि तरी मान वळवली की झटका बसतो, असं असेल तर व्हीरॅम भरलं. टेक्श्चर एक पायरी खाली आणा, बाकी कशाला हात लावू नका. फ्रेम ३० वर बांधून टाका. स्थिर ३० ही मागे-पुढे होणाऱ्या ४५ पेक्षा डोळ्याला बरी. आणि पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती विंडोजवर सोडा, नाहीतर रॅम भरताच सिम काही न सांगता डेस्कटॉपवर टाकून देतं.

लाईनसाठी दोन गोष्टी. रोलिंग कॅशे, म्हणजे लाईनवरून आलेली जमीन साठवणारी फाइल, २०२० मध्ये मुळात ८ जीबीची असते. आपण त्याच त्याच भागात उडतो, म्हणून एसएसडीवर ३२ जीबी करा. मोठ्या अपडेटनंतर ती पुसून नवी करा, जुनी बिघडली की विनाकारण अडखळणं सुरू होतं. २०२० मध्ये मॅन्युअल कॅशेही आहे: नकाशावर चौकोन निवडायचे, दर्जा ठरवायचा, किती जीबी लागतील ते आधीच दिसतं. कोल्हापूर, पन्हाळा, राधानगरी आणि घाटाखाली रत्नागिरीपर्यंतचा पट्टा रात्री उतरवून ठेवला की संध्याकाळच्या मंद लाईनवरही हा भाग स्वच्छ दिसतो.

उजळाईवाडीहून एक चाचणी

सगळं लावून झालं की लांब जाऊ नका. उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळाचा आयकाओ कोड व्हीएकेपी, धावपट्टी २५. विमान सेसना १७२. स्टँडर्ड आवृत्तीत १७२ जी१००० सोबत येतं. एफएसएक्ससारखी गोल घड्याळं हवी असतील तर १५२ घ्या. हवामान स्वतः ठरवा: ढग नाहीत, तापमान ३८, एप्रिलची दुपार. विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण २००० फुटांवर आहे. त्या उंचीवर प्रमाणित तापमान ११ अंश. तुमचे ३८, म्हणजे २७ अंश जास्त. अंशाला १२० फूट धरून हिशोब केला की डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणावरून विमानाला जाणवणारी उंची, ५२०० फुटांच्या पुढे जातो. विमानाला आपण साताऱ्याच्याही बरंच वर आहोत असं वाटणार. १७२ ची धाव समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रमाणित दिवसापेक्षा जवळपास दीडपट होते. ५५ नॉटला नाक उचला, ७४ ला चढा, आणि चढण मिनिटाला पाचशे-सहाशे फुटांवर अडली तर थ्रॉटल तपासत बसू नका, गणित बरोबर आहे.

थ्रॉटल पूर्ण देताच नाक डावीकडे खेचेल. एफएसएक्सच्या १७२ मध्ये हे जेमतेम जाणवायचं, इथे उजवा पाय खरंच लागतो. ओढ झटक्याझटक्यानं येत असेल तर मात्र तो टॉर्क (इंजिनाची पिळवट) नाही, तुमची पिळायची अक्ष आहे. मागे जा आणि डेड झोन बघा.

हवेत आल्यावर उजवीकडे २९० अंशांच्या दिशेला वळा. पाचेक नॉटिकल मैलांवर रंकाळा. इथे लाईनची परीक्षा होते. तळ्याचा काठ, चौपाटी आणि बाजूच्या पेठा तीन-चार सेकंदांत स्वच्छ व्हायला हव्यात. पाणी स्वच्छ आणि शहर मेणासारखं वितळलेलं दिसत असेल तर लाईन किंवा कॅशे. आता मान गर्रकन शहराकडे वळवा आणि कोपऱ्यातली पेटी बघा: मेनथ्रेडचा आकडा क्षणभर उडी मारतो का, त्यावर लेव्हल ऑफ डिटेल ठरवा. अंबाबाईचं शिखर शोधू नका. इमारती हवाई फोटोतल्या ठशावरून आणि छपराच्या रंगावरून सॉफ्टवेअर उभ्या करतं. गच्च्या, पत्र्याची छपरं, गल्ल्या ओळखीच्या वाटतात, शिखरं आणि तटबंदी त्याच्या आवाक्यात नाही. तरी पंचगंगेचं वळण आणि भोवतीचा उसाचा हिरवा रंग दिसला की एफएसएक्सच्या त्या ठिगळांच्या, सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या जमिनीवर परत जावंसं वाटत नाही. नाद खुळा प्रकार आहे.

रंकाळ्यावरून ३२० अंशांच्या दिशेला ४५०० फूट धरा. नऊ मैलांवर पन्हाळा, वाटेत उजव्या हाताला जोतिबाचा डोंगर. उन्हाळ्याच्या दुपारी या कड्यांवर विमान हलतं, वारा २० नॉट ठेवलात तर चांगलंच. हे बिघाड म्हणून मोजू नका. परत येताना धावपट्टीची टोकं आणि खालचा फोटो जुळत नसतील तर दोन्ही वेगवेगळ्या काळातले आहेत. धावपट्टी मागच्या काही वर्षांत वाढवलेली आहे आणि फोटो तिच्या आधीचा असू शकतो. सिम उतरवताना धावपट्टीचा डेटा मानतं.

अपडेट आलं की

अपडेटनंतर सिम सुरूच होत नाही, हा प्रसंग येणारच. बहुतेक वेळा दोष कम्युनिटी फोल्डरमधल्या (बाहेरून आणलेले ॲड-ऑन टाकायची जागा) एखाद्या जुन्या ॲड-ऑनचा असतो. अपडेट लावायच्या आधी तो फोल्डर पूर्ण रिकामा करा, सिम एकदा मोकळं चालवा, मग ॲड-ऑन निम्मे निम्मे परत टाका. ज्या निम्म्यात बिघडलं त्याचे परत दोन भाग. वीस ॲड-ऑन असले तरी चार-पाच फेऱ्यांत दोषी सापडतो. ॲडऑन्स लिंकरसारखं साधन वापरलंत तर फाइली हलवाव्याही लागत नाहीत, नुसत्या टिकच्या खुणा काढायच्या. नवीन ॲड-ऑन दिसतच नसेल तर कम्युनिटीत एकाच्या पोटात दुसरा फोल्डर गेलाय का बघा. ‘मॅनिफेस्ट डॉट जेसन’ पहिल्याच फोल्डरात दिसायला हवी.

एफएसएक्स काढू नका. दोन्ही एकाच मशीनवर सुखानं राहतात, फक्त एफएसएक्स प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर, जुन्या हार्डडिस्कवर हलवा आणि ‘एफएसएक्स डॉट सीएफजी’ व कंट्रोलची ‘स्टँडर्ड डॉट एक्सएमएल’ यांची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. पुरात फायबर तुटून चार दिवस लाईन नसते तेव्हा ते पहिल्यासारखंच चालतं. एक मात्र बघा: एफएसएक्समधली जॉयस्टिक बांधणी विंडोजनं उपकरणाला दिलेल्या क्रमांकावर असते. नवा थ्रॉटल जोडला आणि क्रमांक बदलला तर जुन्या सिममध्ये एलिव्हेटर रडरच्या जागी गेलेला सापडेल, म्हणून ज्या यूएसबी पोर्टात स्टिक होती तिथेच ती परत लावा.